यंत्राच्या डोळ्यांना कुंकू

कामरगावात राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरनं मला माझ्या मशीनवर परत उभं केलं. हे आधीच लिहून टाकतो. घाबरलो की मी लांबण लावतो, आणि माझी रडकथा सांगता सांगता त्याचंच सांगायचं राहून जायला नको. नाव लिहीत नाही. ‘कायले माह्या नावाचा बोर्ड लावतं?’ असं तो म्हणेल. मी त्याला भाऊ म्हणतो.

मी कोल्हापूरकडचा, आजऱ्याचा. आठवीत शाळा सुटली. गुळाच्या ट्रकवर क्लीनर होऊन इकडं आलो, कारंज्याजवळ ट्रक बिघडला, आठ दिवस थांबावं लागलं. तेवढ्यात इथल्या डाळमिलमध्ये पोती उचलायला लागलो आणि राहिलो. दोन वर्षांनी शेठनं मला कलर सॉर्टरवर घेतलं. या मशीनमध्ये तुरीची डाळ वरून धारेनं पडते, आतले कॅमेरे एकेक दाणा बघतात, आणि काळा दाणा किंवा खडा दिसला की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतात. स्क्रीनवर सगळं इंग्रजी. मला शब्द वाचता यायचे नाहीत, कुठलं बटण कशाचं ते जागेवरून पाठ होतं. आईनं गावभर सांगितलं, माझा पोरगा कॉम्प्युटरची मशीन चालवतो.

भाऊ इथलाच, शेतकऱ्याच्या घरातला. अमरावतीला इंजिनिअर झाला, पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली. वडील गेल्यावर त्याची आई पुण्याला यायला तयार होईना. ‘तुया पुण्यात शेजारीण दार लावून घेते, मी कोणासंग बोलू?’ म्हणाली. मग यानं कंपनीला सांगितलं, काम तेच करतो पण घरून करतो. आता माडीवरच्या खोलीत दोन स्क्रीन लावून बसतो. खाली जीपवाले ‘कारंजा, कारंजा’ ओरडत असतात आणि वर याची पुण्याच्या लोकांशी मीटिंग चालू असते.

एकदा मी विचारलं, ‘भाऊ, तुम्ही दिवसभर करता तरी काय?’

‘दवाखान्यात रक्त तपासतात ना, त्याचा रिपोर्ट बराबर माणसाच्या नावावर गेला पाह्यजे. रक्त एकाचं आन् रिपोर्ट दुसऱ्याचा, असं व्हाले नाई पाह्यजे. तेवढंच पाह्यतो मी.’

तेवढंच, म्हणे. मी त्या दिवसापासून त्या माडीचा जिना चपला घालून चढलो नाही.

आणि नोकरीशिवायचे त्याचे नाद. जुने रेडिओ उघडून दुरुस्त करतो. व्हायोलिन वाजवतो, ते मात्र ऐकवत नाही, खालच्या म्हशीसुद्धा कान हलवतात. रविवारी सायकलवर इंझोरीपर्यंत जाऊन शेतांच्या धुऱ्यावरच्या गवतांचे फोटो काढतो. दुर्बीण उन्हात लावून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडतो आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवतो. त्याची आई म्हणते, ‘नोकरी एक आन् धंदे सतरा. बरं झालं बायको नाई केली. तिलेई बाटलीत भरून लेबल लावलं असतं यानं.’

बाटल्या म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा नाद. भिंतभर फळ्या, त्यावर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत कुठलं तरी बियाणं. ज्वारी, वाल, बरबटी, अंबाडी. प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी: काय आहे, कुठलं आहे, कोणी आणलं.

आमची ओळख त्यातूनच झाली. मिलमध्ये तूर आधी चाळणीतून जाते, खाली कचरा पडतो. त्या कचऱ्याशेजारी एक चष्मेवाला माणूस उकिडवा बसून दाणे निवडताना मी बघितला. मला वाटलं, कोणी गरीब असेल, म्हणून मी माझ्यातली अर्धी भाकर पुढं केली. त्यानं ती खाल्ली. मग हात उघडून दाखवला: एक काळी तूर, दोन ठिपक्यांच्या, एक दुधासारखी पांढरी. ‘पाह्य, कशा सुंदर हायेत,’ म्हणाला. हा इंजिनिअर आहे ते मला शेठकडून नंतर कळलं आणि मी दोन दिवस लाजून त्याच्यासमोर गेलो नाही. मी आजऱ्याचा म्हटल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली ती आमच्या घनसाळ भाताची. घरी जाशील तेव्हा चार लोंब्या आण, म्हणाला. त्याच संध्याकाळी एक रिकामी बाटली फळीवर गेली. चिठ्ठीवर ‘घनसाळ, आजरा’. कोणी आणलं, ती जागा कोरी.

आता काय झालं ते.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. शेठ मुसलमान, पण मिलमधल्या पूजेचा नारळ आणि पेढे दरवर्षी तेच आणतात, त्यांच्या अब्बांपासूनची रीत आहे. खंडेनवमीला मी माझ्या मशीनची पूजा केली. आमच्या गावी गुऱ्हाळावर वडील पूजा करायचे तेव्हा सांगायचे, लोखंडाच्या सांगाड्याला काय कुंकू लावतोस, जो भाग काम करतो त्याला लाव. ते ऊस पिळणाऱ्या चरकाच्या लाटांना कुंकवाची पाच बोटं ओढायचे. मी विचार केला, सॉर्टरमध्ये काम कोण करतं? डोळे. म्हणून झाकण उघडून कॅमेऱ्यापुढच्या काचेच्या कोपऱ्याला आणि समोरच्या पांढऱ्या पट्टीला तेलात कालवलेलं कुंकू अगदी हलकं लावलं. हार घातला, मशीनबरोबर फोटो काढून आईला पाठवला.

दसऱ्याला सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केली आणि ती चांगली पिवळीधमक डाळ कचऱ्यात उडवायला लागली.

शेठ येऊन उभे राहिले. ‘क्या हुआ रे कोल्हापूर? सोनं फेकून राह्यली तुई मशीन.’ इथं सगळे मला कोल्हापूरच म्हणतात.

‘बघतो शेठ, आत्ता होतंय.’

काही होत नव्हतं. मी एक आकडा खाली केला, दुसरा वर केला, तिसरा हलवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ आकडे बदलले होते आणि आता चांगली डाळ कचऱ्यात, काळी डाळ मालात, असा उलटा संसार झाला होता. शेठ शांतपणे म्हणाले, ‘मी नागपूरला फोन केला. परवा मेकॅनिक येते. त्याच्या संग आयटीआय झालेला एक माणूसई येते, मशीन त्याच्याच हाती देतो. तू मनावर घेऊ नको, पोत्यावर काम हाये तुले.’

पोतं उचलायची मला लाज नाही. पण आईला काय सांगू?

मी भाऊच्या घरी गेलो. वर मीटिंग चालू होती. मी जिन्याखाली उभा. त्याच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, ‘पी बाप्पा, असा उभा काहून? तो येतेच.’ भाऊ उतरला, माझं ऐकलं, आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं खिशात टाकून सायकल काढली.

मला वाटलं, आल्या आल्या तो मशीन उघडेल. त्यानं हातच लावला नाही. ‘खुर्ची आण, वही आण,’ म्हणाला. ‘परवा चालत होती?’

‘झकास चालत होती.’

‘मंग तवापासून आतापर्यंत काय काय बदललं?’

‘हे नऊ आकडे, भाऊ. पण ते मी बिघडल्यावर बदलले. त्याआधी काहीच केलं नाही.’

‘जुने आकडे लिहून ठेवले?’

‘नाही.’

तो रागावला नाही. म्हणाला, ‘पुण्यात पहिल्याच वर्षी मी एकाच टायमाले दोन गोष्टी बदलल्या, आन् जुनं काहीच लिहून ठेवलं नाई. अर्धा दिवस रिपोर्ट अडकले. लोकं दवाखान्यात बसून होते. आमच्या मॅडम माह्याजवळ येऊन बसल्या, वही देली. तवापासून हात लावाच्या आधी लिहितो.’ मग म्हणाला, ‘मशीनचा एखादा फोटो हाये काय तुयापाशी?’

फोटो होता. आईला पाठवलेला. मी दात काढून उभा, मशीनला झेंडूचा हार, आणि माझ्या खांद्यामागं स्क्रीन. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. आकडे दिसत होते, नऊच्या नऊ. तो वाचत गेला, मी वहीत लिहीत गेलो. आकड्यांपुढचे इंग्रजी शब्द मी चित्र काढल्यासारखे उतरवले. मग एकेक आकडा जागेवर आणला. मशीन चालू केली.

परत चांगली डाळ कचऱ्यात.

भाऊ मात्र फोटोकडंच बघत होता. ‘हे झाकण उघडं काहून हाये? आन् आत हे लाल काय हाये?’

‘कुंकू आहे.’

‘कुठी लावलं?’

‘डोळ्यांना,’ मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मलाच कळलं. तोपर्यंत खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पूजा म्हणजे मशीनला काही केलं, असं कोण धरतं? मी वडिलांचं सगळं सांगितलं, चरक, लाटा, पाच बोटं. लाल रंग आडवा आल्यावर कॅमेऱ्याला प्रत्येक दाणा डागाळलेला दिसत होता.

भाऊ हसेल म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, ‘लेका, बराबर जागी लावलं तू. याचे डोळे कुठी हायेत, हे मले उघडून शोधा लागलं असतं.’

त्यानं खिशातलं फडकं माझ्या हातात दिलं. मी काच पुसली, पट्टी पुसली. मशीन चालू केली आणि डाळ सरळ धारेनं मालात पडायला लागली. कचऱ्यात काळेच दाणे. मी तिथंच पोत्यावर बसलो.

‘शेठना काय सांगायचं?’ मी विचारलं. ‘तुम्ही सांगता?’

‘सांगणं तुयं काम हाये. मी इथी उभा राह्यतो.’

मी शेठना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेठ वही चाळत राहिले. माझ्या वाकड्यातिकड्या इंग्रजी शब्दांवर बोट फिरवत म्हणाले, ‘नारळ तं मीच आणला होता. पुढच्या साली टिक्का बाहेरून लाव.’ मग नागपूरला फोन लावून सांगितलं, मेकॅनिक नको, माणूसई नको. मला म्हणाले, ‘पण ही वही रोज लिहून ठेवाची. भूलना मत, कोल्हापूर.’

रोज लिहितो. भाऊनं दर रविवारी बसवून त्या इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगितले, आता मी ते मराठीत लिहितो. मधे ताप आला तेव्हा दोन दिवस एका हमालानं वही पुढं ठेवून मशीन चालवली आणि काही बिघडलं नाही. मी परत आलो तर माझी जागा तिथंच होती.

ही साधी गोष्ट मला फार दिवस पुरली. तीन वर्षं मी घरी गेलो नाही ते रजा मिळत नाही म्हणून, असं आईला सांगत आलो. खरं म्हणजे आठ दिवस गेलो तर मशीनवर दुसराच कोणी दिसेल, ही भीती होती. आता भीती गेली म्हणणार नाही, पण वही आहे.

भाऊचं देणं कसं फेडायचं, मला कळत नाही. त्याला कशाची गरज दिसत नाही. माडीवर गेलो की ती रिकामी बाटली मात्र दिसते. तो कधी आठवण करून देत नाही, फक्त तिच्यावरची धूळ पुसलेली असते.

भाऊ, या वर्षी जमेल की नाही माहीत नाही, मी धास्तावणारा माणूस आहे. पण एका कापणीला मी गावी जाईन, आमच्या खाचरातल्या चार भरलेल्या लोंब्या माझ्या हातानं तोडीन, कागदात बांधून आजऱ्यापासून कामरगावपर्यंत मांडीवर घेऊन येईन. त्या कोऱ्या जागेवर माझं नाव मी स्वतः लिहीन.