‘पानी’चे ‘पाने’ कोणी केले?

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्याच क्रमाने.

एक : वसई तालुक्यात, निर्मळच्या पुढे, पास्कूभाऊ नावाचे बागायतदार पानवेलीची वाडी राखतात. त्यांची मुलगी मोनिका ही माझी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. दोन : पावसाळा संपताच त्यांच्या वेलींची पाने कडेने करपू लागली. पास्कूभाऊंनी स्वतःच्या हस्ताक्षरात तालुका कृषी कार्यालयाकडे अर्ज केला. तीन : पंचनामा झाला आणि त्यात ‘पानांवर बुरशीजन्य रोग’ असा निष्कर्ष नोंदवण्यात आला. चार : या निष्कर्षाला एका तज्ज्ञाच्या मताचा आधार दिलेला आहे. तो तज्ज्ञ कोण, हे योग्य ठिकाणी सांगेन. पाच : दोन फवारण्या होऊनही करपणे थांबले नाही, आणि महिनाअखेर सगळ्या वेली उपटायचे घरात ठरले.

मोनिकाने हे फोनवर सांगितले तेव्हा मी एवढेच म्हटले, “मी येईपर्यंत एकाही वेलीला हात लावायचा नाही.” आणि फेब्रुवारीतल्या त्या रविवारी पहाटे निघाले.

या अनुदिनीचे जे वाचक तिकडे जाऊ इच्छितात त्यांनी ठाण्याहून घोडबंदरमार्गे वसईची एसटी घ्यावी. चिंचोटी फाट्याकडे लोक केवळ पावसाळ्यात, धबधब्यात दंगा करायला जातात. डोंगरावरचा साग काय करतो हे पाहायला कोणी थांबत नाही. पाण्याचे दिवस सरले, हे ओळखून तो पाने गाळून स्वस्थ उभा असतो. रस्त्याकाठची झुडपे मात्र खडीच्या धुळीने राखाडी झाली होती. एसटी थांबली तेवढ्यात मी एक पान बोटाने पुसले. खाली हिरवे होते, हे पाहून बरे वाटले आणि संतापही आला.

वसईहून पुढे रिक्षा केली. मीटर नावाची वस्तू तेथे शोभेची असते, तेव्हा भाडे आधी ठरवावे.

“निर्मळला काय, मॅडम, देवळात की चर्चला?” रिक्षावाल्याने विचारले.

“पाने बघायला.”

“पानासाठी ठाण्याहून? स्टेशनला टपरी आहे ना!”

मी रिक्षात बसले.

वाडीत शिरताच मी भिंग काढले. पाने नेहमीपेक्षा लहान आणि जाड झाली होती. टोकापासून कडेकडेने तपकिरी पट्टा गेला होता आणि मधला भाग स्वच्छ हिरवा होता. प्रत्येक वेलीवर जुन्या पानांपासून सुरुवात झाली होती. बुरशी अशी शिस्त पाळत नाही. ती कोठेही ठिपके पाडते. मुळांनी ओढलेले पाणी पानातून उडून जाते, पण त्यात विरघळलेले मीठ मागे राहते, आणि पाण्याचा प्रवास जेथे संपतो त्या कडेवर साचते. पान लहान आणि जाड होते ते पाणी कमी गमवावे म्हणून. वेलीने तिच्या परीने तक्रार अचूक नोंदवली होती.

तेवढ्यात पास्कूभाऊ तांब्या घेऊन आले. “मी कवापासून सांगतोय, बाई. पानी बिगडलंय.”

“पाने बिघडली आहेत, असे म्हणावे,” माझ्या तोंडून सवयीने निघाले.

“पान नाय वो! पानी! प्यायचं पानी!” त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला. “पानाला काय धाड भरलीय? त्याला जे पाजलं ते त्यानं दाखवलं.”

मोनिका तोंडाला पदर लावून हसत होती. मी घोट घेतला. पाणी मचूळ होते, सरळ खारट. माझ्याजवळ सिल्व्हर नायट्रेटची बाटली होती; पाण्यात जितके मीठ जास्त, तितके ते याच्या थेंबांनी पांढरे होते. एका पेल्यात त्यांच्या विहिरीचे पाणी घेतले, दुसऱ्यात गावाच्या आतल्या गोड विहिरीचे, आणि दोहोंत सारखेच थेंब टाकले. गोडे पाणी जेमतेम धुरकटले. वाडीचे पाणी ताकासारखे पांढरे झाले.

कारण कुंपणापलीकडे होते. पावसाचे पाणी साठवून भोवतालच्या विहिरी गोड राखणारे तळे, ज्याला येथे बावखल म्हणतात, ते गेल्या उन्हाळ्यात भराव टाकून बुजवले. शेजारच्या विहिरीवर नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींसाठी दिवसभर टँकर भरतात. त्या इमारतींतल्या माणसांनाही तहान आहे, हे मला मान्य आहे. पण गोडे पाणी उपसले की खाली समुद्र आत सरकतो, हे पंचनामा करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

दुपारी भाताबरोबर बोंबलाचे कालवण झाले, मग आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी. संध्याकाळी मोनिकाने मला अर्नाळ्याच्या खाडीकाठी नेले. “मॅडम, हे चाटून बघा,” म्हणत तिने खारफुटीतल्या तिवराचे पान पुढे केले. पृष्ठभागावर मिठाचे कण होते. तिवर नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकतो. पानवेलीला ती सोय नाही.

सोमवारी कार्यालय. कारकुनाने फाइल काढली. पास्कूभाऊंच्या अर्जात ‘वाडीतलं पानी बिगडलं’ असे होते. खाली टंकलिखित गोषवारा होता : ‘वाडीतील पाने बिघडली आहेत.’ वेलांटीची मात्रा झाली होती. पाण्याची तपासणी कोणी केलीच नव्हती.

“हा बदल कोणी केला?” मी आवाज चढवला.

“अर्ज अशुद्ध होता, मॅडम. आम्ही शुद्ध करून घेतला.”

“शुद्ध? तुम्ही माणसाची तक्रारच बदललीत!”

त्याने शांतपणे पान उलटले. “आणि तज्ज्ञमत जोडलंय की. अर्जदारानेच आणून दिलं.”

ते माझे पोस्टकार्ड होते. नोव्हेंबरात पास्कूभाऊंनी मलाही तेच वाक्य लिहिले होते. मी ‘पानी’खाली लाल रेघ ओढली, मनात ‘पाने’ केले, आणि बुरशीनाशकाचे नाव लिहून पाठवले. खाली माझी सही होती, नेहमीसारखी सुवाच्य.

बाहेर पास्कूभाऊ उभे होते. मी सगळे सांगितले. “म्हंजे तुमीपन?” ते म्हणाले, आणि मग, “पंधरा दिस थांबतो, बाई. वेल लावायला बापानं लई कष्ट घेतले.”

घरी परतून चार दिवस झाले. टेबलावर त्या वाडीचे पान आहे. ते सुकले, तरी कडेचा पट्टा तसाच आहे. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे लेखन शुद्ध करण्यात मी जी लाल शाई वाया घालवली, तिचा मला राग येतो, आणि तो मी कोणावर ढकलणार नाही.

म्हणून कार्यालयास कळवते : पोस्टकार्डावरील माझे मत चुकीचे होते आणि ते मी सहीनिशी पत्र पाठवून मागे घेतले आहे. ते पत्र पोहोचल्याची पोच माझ्याकडे आहे. आता विहिरीचे पाणी तपासावे, पंचनाम्यात ‘पाने’ खोडून ‘पाणी’ लिहावे, आणि हे केव्हा करणार ते पास्कूभाऊंचे पंधरा दिवस संपण्यापूर्वी कळवावे. फोन नको. माझी चूक मी लेखी दिली आहे, तुमचे उत्तरही लेखीच हवे.