बिनघराचा क्वेसार

चहा आधी संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल. फजिती माझीच आहे, पण ती अख्ख्या शुक्रवार पेठेनं वाचली!

मी पीएचडी करतोय क्वेसारवर. क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या, म्हणजे गॅलेक्सीच्या, मधोमध भलंमोठं कृष्णविवर आणि त्यात पडणाऱ्या वायूचा असा झगमगाट, की भोवतालची दीर्घिकाच दिसत नाही. समोरून हेडलाइट डोळ्यांवर आला की गाडी कुठली ते कळतं का? तसंच. मग आम्ही त्याच फोटोतला एखादा तारा नुसत्या ठिपक्याच्या उजेडाचा नमुना म्हणून घेतो, त्याची चमक क्वेसारइतकी वाढवतो आणि ती क्वेसारमधून वजा करतो. उरते ती दीर्घिका. मग मोजा तिचा आकार, वस्तुमान, काय हवं ते.

दोन दिवसांवर समितीपुढे सेमिनार, आणि दाखवायला माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. जीव टांगणीला लागलेला. त्यात मी वजाबाकी केली. उरलं काय? कोरा काळा चौकोन! दीर्घिकाच नाही! म्हणजे केवढा मोठा शोध!

मी आनंदानं आईला सांगितलं, आईनं लगेच अक्कलकोटला मामाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"दीर्घिका न्हाय म्हंजे काय रे?" मामानं विचारलं.

"क्वेसार आहे, पण त्याला घरच नाही."

"आन् ते तूच शोधलंस?"

"तसंच दिसतंय."

"मग फ्लेक्स नको व्हय?"

"मामा, थांबा! अजून आमच्या गाईड मॅडमनी बघितलं नाही."

"त्यांचा बी फोटो टाकू की!"

सकाळी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स! 'हार्दिक अभिनंदन', माझा फोटो, शेजारी मॅडम, आणि क्वेसार म्हणून चक्क कड्यासकट शनी! मी मान खाली घालून कॉलेज गाठलं.

मॅडमनी तो काळा चौकोन बराच वेळ पाहिला.

"नमुन्याला तारा कुठला घेतलास?"

"फोटोतला सगळ्यात ठळक."

"दाखव की."

मी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि तिथंच घोळ दिसला. तो तारा नव्हताच, तो क्वेसारच होता! मी त्यालाच त्याच्यातून वजा केलं होतं. उरणार काय, कपाळ?

मॅडमनी बाजूचा खरा तारा घेऊन पुन्हा वजाबाकी केली. चांगली ऐसपैस दीर्घिका समोर आली.

"सेमिनारला हीच दाखव. नीट मोजून."

मला हायसं वाटलं. मी उठलो, तेवढ्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "येताना मी तुमच्या पेठेतनंच आले. त्या फ्लेक्सवरनं माझा फोटो वजा कर. तुझा राहू दे. शोध कुणी लावला ते कळू दे की लोकांना."