औषध टाकलं कुणी?

आमचे सर कुणावर विश्वास ठेवत नसत. पाण्यावर नाही, माझ्यावर तर अजिबातच नाही. प्रयोगशाळेत मी मोजलेला पाण्यातला ऑक्सिजन ते पुन्हा मोजायचे. माझं डोकंच फिरायचं. 'मी काय खोटं लिहिते का सर?' म्हटलं की, 'तसं नाही गं, पण खरं कशावरून?'

नव्वदच्या दशकात एकदा घोडेगावच्या वरच्या अंगाला धरणाच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. गावाचा संशय एकावरच: बाहेरून येऊन काठाला ताडपत्रीत राहणारा, मासे धरणारा माणूस. त्यानंच विष कालवलं म्हणे. त्याला हाकलायचं ठरलंच होतं.

सर आणि मी पाणी तपासायला गेलो, पहाटे धरणाच्या तळाचं पाणी बाटलीत घेतलं. माणसं जमली, तोही एका बाजूला उभा. मी म्हणाले, 'आता यात औषध टाकायचं.' झालं! माणसं दोन पावलं मागं सरली. मी महाळुंगे पडवळची, शेतकऱ्याची पोर. आमच्याकडे औषध म्हणजे पिकावर मारायचं, नाहीतर पिऊन जीव द्यायचं. प्रयोगशाळेत रसायनाला औषध म्हणून म्हणून माझी जीभ बाटली होती, दुसरं काय!

एक म्हातारबा पुढं आले. 'म्हंजी औषध टाकणारी तुमीच व्हय?'

सरांनी वाद घातला नाही. एका घरातलं प्यायचं पाणी मागवलं आणि दोन्ही पाण्यांत तेच थेंब टाकले. घरचं पाणी तपकिरी झालं, तळाचं नुसतं पांढरं झालं. 'तपकिरी म्हणजे पाण्यात हवा आहे,' सर म्हणाले. 'तळाला हवाच नाही. मासे गुदमरले असतील.'

'मंग ह्यानं इख टाकलं नाय ना?' म्हातारबांनी विचारलं.

'हवा नव्हती, एवढंच सांगतो. विष तपासलेलं नाही.'

अहो, एक 'नाही' म्हणायला काय जात होतं? तो माणूस हात जोडून उभा, आणि सगळ्यांच्या नजरा परत त्याच्याकडे. मला राहवेना. 'नाही टाकलं त्यानं!' मी ओरडले. 'लेखी देते!' लोक कुरकुरत पांगले.

एसटी सुटताना तो पळत आला. कागदात गुंडाळलेला मोठा मासा खिडकीतून माझ्या हातात कोंबला. 'ताई, तुमच्यामुळं राहिलो.'

गाडी हलल्यावर सर म्हणाले, 'तुला कसं कळलं?' मी रागानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

आज माझे विद्यार्थी मला संशयी बाई म्हणतात. म्हणोत. सरांची लागण मला त्याच संध्याकाळी झाली. महाळुंग्याला उतरले. मासा ताजा होता, डोळे लख्ख. घरी आई होती, धाकटा भाऊ होता. त्यांच्या ताटात तो वाढायला हात धजेना. ओढ्याकाठी खड्डा केला आणि पुरून टाकला.