पाक कुणी उतरवायचा

कढई विकत घ्यायची असो की उसनी आणायची, तो माणूस आधी तिच्या काठावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा आणि कान तिरका करून ऐकायचा. आवाज पटला तर मान हलवायचा. नाही पटला तर कढईवाल्याकडे असा बघायचा, जणू त्या बिचाऱ्याच्या घरात कुणी आजारी आहे.

"हत्याराला दोष द्यावा मालक, माणसाला न्हाई," हे त्याचं नेहमीचं बोलणं.

आमच्या कुरुळीच्या घरात वरच्या खोलीत तो भाड्याने राहायचा. चाकणच्या एका कंपनीत फिटर होता, मूळचा लातूरकडचा. बायको आणि पोरगी गावाकडे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, पण लिहिताना अरे-तुरेच येतंय. येऊ द्या.

तुम्हीही असा माणूस बघितला असेल. रामराम घालतो, वाटेत दिसलो तर आपली पिशवी उचलतो, आणि तरी आपलं पोट दुखतं.

माझं का दुखायचं ते सांगतो. मी शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही. जमिनी कंपन्यांत गेल्या, बैल गेले, खळं गेलं. पण गावात माझ्या बोटाला मान होता. कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, सप्त्याचा काला असो, बुंदीच्या लाडवाचा पाक चढला की मला बोलवायला माणूस यायचा. मी जाऊन टोपी सारखी करायचो, पळीतला थेंब अंगठा आणि बोटात धरून ओढायचो, आणि एकच शब्द बोलायचो. "उतरवा." पाक लवकर उतरला तर लाडू वळत नाही, उशिरा उतरला तर फोडायला वरवंटा लागतो. म्हणून मी बोलल्याशिवाय कढई हलत नसे. लोक तार डोळ्याने बघतात. मला तार दिसायच्या आधी बोटाला ओढ लागायची.

अशा माणसाच्या घरात हा राहायला आला, एक पत्र्याची पेटी घेऊन.

पेटीत कपडे असतील असं मला वाटलं. त्यात जाड बुडाची कढई होती, पितळी पळी होती, करंजी कापायचं कातणं होतं, त्याला मूठ त्याने स्वतः बसवलेली. सुट्टीच्या दिवशी गावाला जाणं जमायचं नाही, मग गच्चीवर शेगडी मांडायचा आणि पोरीसाठी काहीतरी गोड करून ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती डबा पाठवायचा.

एकदा भंगारातून पत्रा आणून त्याने झारा केला. सगळी भोकं एका ओळीत, एका मापाची. आख्खी आळी बघायला जमली. पीठ घातलं, झारा कढईवर ठोकला, आणि बुंदी पडली ती शेपटीची. प्रत्येक दाण्याला शेपूट.

मी म्हणालो, "बुंदी न्हाई ही. बेडकाची पिल्लं हायती."

सगळे हसले. तोही हसला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

त्याने झारा उन्हात धरला, मागून बोट फिरवलं. "भोकाला आतून धार राहिली की. हत्याराला दोष द्यावा." आणि गोल कानस घेऊन बसला. एकेक भोक घासत त्याने आख्खा रविवार घालवला. कर्रकर्र आवाजाने मला दुपारी झोप नाही. पुढच्या रविवारी बुंदी पडली ती टपोऱ्या ज्वारीसारखी. पहिली ताटली माझ्याकडेच आणली.

"घ्या मालक. कसं काय?"

"वेलदोडा कमी पडला," मी म्हणालो. वेलदोडा कमी पडला नव्हता.

मग त्याने काटा आणला. लांब दांडी, वर घड्याळासारखी तबकडी. दांडी पाकात बुडवली की काटा फिरायचा आणि ठरल्या जागी आला की हा गॅस बंद करायचा.

"पाकाला घड्याळ कशाला ओ?" मी विचारलं.

"तुमच्या बोटाला कळतं मालक. मला कळंना, म्हून हे."

बघा आता. याच्याशी भांडायचं तरी कसं?

हळूहळू गाव त्याच्याकडे वळलं. "आबा, तुमचे गुडघे दुखत्यात, कशाला तरास," असं लोक मला म्हणायला लागले. गुडघ्याने कोण पाक बघतो? एका वर्षी सप्त्याच्या काल्याला निरोप घेऊन माणूस आला. मी टोपी घातली. तो माझ्या दारावरून सरळ वर गेला. माझ्याच जिन्याने.

त्याच आठवड्यात मी सुनेला सांगितलं, पापड रविवारीच वाळत घालायचे, आणि गच्चीभर घालायचे. गच्ची माझी आहे. रविवारी तो वर आला, पापड बघितले, वाकून सगळे एकेक करून उलटे केले, आणि शेगडी कोपऱ्यात नेली. सून खाली येऊन म्हणाली, "मामा, काकांनी पापड उलटले बघा, किती काळजी." मी रेडिओ मोठा केला.

मग नातीचा साखरपुडा ठरला. पोरगी ताथवड्याला इंजिनिअर झालेली, मुलगा थेरगावचा. ती म्हणाली, "आबा, लाडू घरचेच करायचे. वरच्या काकांकडून."

"आणि पाक?"

सून भांड्यांकडे बघायला लागली.

मी सांगून टाकलं, "या घरातला पाक दुसऱ्यानं उतरवला, तर मी साखरपुड्याला बसणार न्हाई."

"आबा, साखरपुडा माझा हाय का तुमचा?"

"साखरपुडा तुझा हाय. पाक माझा हाय."

पोरगी रडकुंडीला आली, पण मी हललो नाही. हा माणूस दारात उभा होता. तोच म्हणाला, "मालकच उतरवतील की. मी झारा धरतो." झालं, मिटलं.

एक गोष्ट मात्र मी घरात कुणाला सांगितली नव्हती. साखरेच्या आजाराने माझी बोटं बधिर झाली होती. चहाचा कप पोळतोय हे हात लाल झाल्यावर कळायचं. जन्मभर साखरेच्या पाकावर हुकूम चालवला, आणि साखरेनेच बोटं खाल्ली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी गच्चीवर कढई चढली. थेरगावच्या दोन पाहुण्या बायका मुद्दाम बघायला आलेल्या. "आबांचं बोट लई ऐकलंय," त्यातली एक म्हणाली. मी टोपी सारखी केली. थेंब घेतला, ओढला. काहीच नाही. लाकडावर लाकूड घासावं तसं. तार बघायला हात वर धरला, तर ऊन डोळ्यात. पुन्हा थेंब घेतला. पाक उकळत होता आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे.

तो समोर उभा होता. काटा पाकात, नजर तबकडीवर. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मग त्याने बोटाच्या पेराने कढईच्या काठावर दोनदा टकटक केली. कुणाला काही वाटलं नाही, त्याची ती सवयच होती.

मी म्हणालो, "उतरवा."

लाडू असे झाले, की साखरपुड्यात व्याह्यांनी मुद्दाम विचारलं, "पाक कुणाचा?" मी तोंड उघडायच्या आत हा बोलला, "मालकांचा. दुसऱ्या कुणाला येतोय असा?"

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. माणसाची कढई चांगली, झारा चांगला, काटा चांगला, इथवर ठीक आहे. मनही त्यानेच चांगलं ठेवायचं, तर बाकीच्यांनी पुढं जायचं कशात?

संध्याकाळी तो कढई घासत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. आभार मानायला नाही, नुसताच.

"हत्यार झिजतं मालक," तो खाली बघूनच म्हणाला. "माणूस न्हाई झिजत."

"माझ्या बोटाला हत्यार म्हणू नका."

"बरं," म्हणाला, आणि घासत राहिला.

त्यानंतर गावात आम्हाला दोघांना बोलवायची पद्धत पडली. मी पुढे टोपी घालून, तो मागे पेटी घेऊन. मी थेंब ओढायचो, तो काठावर टकटक करायचा, मी "उतरवा" म्हणायचो. आबांचं बोट अजून तसंच हाय, असं लोक म्हणायचे. या विषयावर आम्ही दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही. आणि माझी जळजळ काही कमी झाली असं समजू नका. उलट वाढली. आधी तो माझा शब्द नेईल अशी धास्ती होती, आता तो मला माझाच शब्द देत होता.

मग तो कंपनीतून रिटायर झाला. गावी निघाला. टेम्पो आला. झारा जुन्या धोतरात गुंडाळला, काटा गादीच्या घडीत ठेवला. मी ओट्यावर बसून बघत होतो. मला वाटत होतं, काटा तरी ठेवून जाईल. मागितला मी मेलो तरी नसता.

"पोरीचं लगीन हाय मालक, लागंल," तो माझी नजर बघून म्हणाला.

"मला काय करायचंय त्याचं," मी म्हणालो.

तो पाया पडला. मग टेम्पोच्या पत्र्यावर टकटक केली, तोंड वाकडं केलं आणि पुढे बसला. नाक्यावर ट्रकांची रांग होती, म्हणून बराच वेळ दिसत राहिला.

यंदा दिवाळीला नात सासरहून आली होती. सुनेने पाक चढवला आणि हाक मारली. मी टोपी सारखी केली, थेंब घेतला, ओढला. आणि उभा राहिलो.

पाक उकळत होता. मी कढईच्या काठाकडे कान देऊन उभा. कडेने पाक तांबूस व्हायला लागला.

"मामा, उतरवू का?" सून म्हणाली.

"थांब," मी म्हणालो.

"आबा, करपंल," नात म्हणाली.

"थांब म्हणतोय ना."

लाडू वरवंट्याने फोडावे लागले. मी डॉक्टरला न विचारता दोन खाल्ले आणि झकास झालेत म्हणालो.

पण एक विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तिकडं त्याच्या गावातही लग्नं होत असतील, बुंदी पडत असेल. तिथंही कुणीतरी म्हातारा टोपी घालून कढईपुढं उभा राहत असेल, आणि हा समोरून काठावर टकटक करत असेल. तो म्हातारा कोण आहे, ते मला एकदा जाऊन बघायचंय.