चुकीचं उत्तर देणारी मुलगी

सांगलीच्या एका अध्यापक महाविद्यालयातून मी बी.एड. झाले. लोक कॉलेजचा विषय निघाला की गहिवरतात, जुने फोटो ग्रुपवर टाकतात, खाली बदामांची रांग लागते. आमच्या बॅचचाही असा ग्रुप आहे. मी तो म्यूट करून ठेवलाय. कारण त्या फोटोंमध्ये आमच्या भूगोल अध्यापन पद्धतीच्या मॅडम मधोमध बसलेल्या असतात, आणि त्यांचं ते मायाळू हसू बघितलं की माझं डोकं आजही फिरतं.

या मॅडम आम्हाला रोज सांगायच्या, "मुलांना बोलतं करा. चुकू द्या. चुकेल तोच शिकेल." वाक्य छान होतं. तासाला आम्ही ते लिहून घ्यायचो, कारण मॅडम तासभर डिक्टेशनच द्यायच्या. आमच्यातल्या कुणी बोलायला तोंड उघडलं, तर "नंतर भेटा" म्हणायच्या. नंतर भेटायला गेलं तर त्या निघून गेलेल्या असायच्या. वर्गात निम्म्याहून जास्त लग्न झालेल्या बायका होत्या, घरच्या भाकरी थापून, पोराला शाळेत सोडून धापा टाकत येणाऱ्या. त्यांना बोलण्यापेक्षा हजेरी महत्त्वाची होती. मी कऱ्हाडकडची, हॉस्टेलवर राहणारी, मोकळी. मला बोलायची खाज होती आणि त्याचे परिणाम अंतर्गत गुणांत दिसायचे.

वर्गात सगळ्यांत मोठे होते मेजर. होते खरं तर हवालदार, पण आमच्याकडं मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. शिराळ्याच्या पलीकडचं गाव, घरी थोडा ऊस, चाळिशी ओलांडलेली. आठवडाभर माधवनगरला खोली करून राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. मॅडम वर्गात आल्या की आम्ही अर्धवट उठायचो. मेजर असे ताठ उभे राहायचे की बाक मागं सरकायचा. काहीही सांगा, उत्तर एकच, "जी मॅडम." आम्ही पोरी त्यांना "मेजर, विश्राम!" म्हणून छळायचो आणि ते मिशीत हसायचे. वरिष्ठानं सांगितलेलं चुकीचं असू शकतं, हे मात्र त्या माणसाच्या डोक्यात कधी येतच नसे. हा त्यांचा गुण होता की दोष, यावर माझं अजून स्वतःशी भांडण चालू आहे.

त्यांच्या गावच्या हायस्कूलमधले भूगोलाचे सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. संस्थेच्या लोकांनी शब्द दिला होता, जूनमध्ये बी.एड. हातात असेल तर तास तुमचे. ही गोष्ट मेजरांनी आम्हाला तर सांगितलीच, कॅन्टीनच्या चहावाल्यालाही सांगितली. मी एकदा विचारलं, की एवढी नोकरी केलीत, आता घरी आराम करायचा सोडून हे कशाला? तर म्हणाले, "आवं बाई, आमच्या गावची पोरं भरतीसाठी पहाटं उठून पळत्यात. लय पळत्यात. पर नकाशा पुढ्यात ठेवला तर उत्तर कुठली आन दक्षिण कुठली, कळत न्हाई. कुनीतरी शिकवाय नगो?"

शेवटच्या सत्रात वार्षिक पाठ असतो. बाहेरचे परीक्षक येतात, आपण एका शाळेत खऱ्या मुलांसमोर एक तास शिकवायचा, त्यावर बी.एड.चं बरंच काही अवलंबून. आता, खरी मुलं म्हणजे भरवसा नाही. म्हणून आमच्याकडं रंगीत तालीम करायची पद्धत होती. तोच पाठ, तीच मुलं, आधी दोनदा. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, कोण काय उत्तर देणार, सगळं ठरलेलं. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे एक चुकीचं उत्तरसुद्धा ठरलेलं असायचं. कारण परीक्षकांना दाखवायचं असतं, की मूल चुकलं तर हा शिक्षक त्याला किती प्रेमानं दुरुस्त करतो. त्याला गुण असतात. म्हणून एक मूल चुकण्यासाठी नेमायचं. कॉलेजात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. वार्षिक पाठाच्या तयारीत हार, नारळ, परीक्षकांचा नाश्ता आणि चुकणारं मूल, असं सगळं एका दमात बोललं जायचं.

मेजरांचा पाठ आठवीवर होता, विषय तापमान. प्रश्न होता, सांगलीपेक्षा महाबळेश्वर थंड का? चुकीचं उत्तर ठरलं, "तिथं झाडं जास्त आहेत म्हणून." पहिल्या तालमीला मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलीकडं बोट केलं. सावळी, बारकी, तेलानं चप्प वेण्या घातलेली. "तिला द्या ते. तिचं तसंही चुकतंच."

मुलगी तिथंच उभी होती. ऐकत होती. मी मॅडमना म्हणाले, "मॅडम, तिच्यासमोर काय बोलताय?" मॅडम म्हणाल्या, "तुमचा पाठ आहे का आज?" मेजरांनी एकदा माझ्याकडं, एकदा मुलीकडं बघितलं. आणि म्हणाले, "जी मॅडम."

पाठाच्या दिवशी मी वर्गात मागं एका कडेला बसले होते. नकाशे अडकवायला मला बरोबर घेतलं होतं. मेजर सुरेख बोलत होते. आवाज खणखणीत, फळ्यावरची अक्षरं एका रेषेत. परीक्षक खूश दिसत होते, मॅडम दाराशी उभ्या राहून मान डोलवत होत्या. मग तो प्रश्न आला. ठरल्याप्रमाणं मेजरांनी शेवटच्या बाकाकडं हात केला. मुलगी उठली आणि स्पष्ट म्हणाली, "महाबळेश्वर उंचावर हाय म्हणून, सर."

बरोबर उत्तर. दोन तालमींत दुसऱ्याच्या तोंडून तिनं ते ऐकलं होतं, तिला ते कळलं होतं, आणि एवढ्या मोठ्या साहेबासमोर ते आपण सांगावं असं तिला वाटलं. एवढंच.

आणि मेजर म्हणाले, "चूक. पण प्रयत्न चांगला. बस खाली. झाडं असली म्हणून हवा एवढी थंड होत नसते. आता तू सांग." पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा गोंधळून उठला आणि म्हणाला, "उंचावर आहे म्हणून." "शाब्बास!" मेजर म्हणाले.

अख्खा वर्ग खो खो हसला. मलाही क्षणभर हसू फुटलं, मग त्या मुलीचं तोंड दिसलं. ती मान खाली घालून बाकाची कड नखानं खरवडत होती. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "अहो सर, ती तेच म्हणाली की. तुम्ही ऐकलं नाहीत का?"

तेव्हा मेजरांच्या लक्षात आलं. माणूस लिहून आणलेल्या टाचणाबरहुकूम चालला होता, पुढच्या पावलाकडं बघत. त्यांनी खडू ठेवला.

परीक्षकांनी पाठ थांबवला. बाहेर व्हरांड्यात मॅडमनी आवाज चढवला, तो परीक्षकांना ऐकू जाईल इतपतच. "आम्ही असलं पढवून आणायला कधीही सांगत नाही! हे यांनी परस्पर केलेलं दिसतंय." मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचेच पाठ असे बसवलेत. तुम्हीच बसवलेत. त्या मुलीलाही तुम्हीच निवडलंत." मागं आमच्या वर्गातले आणखी काही जण उभे होते. त्यांचे पाठ अजून व्हायचे होते. सगळे मोबाईलमध्ये बघत होते. आणि मेजर, ज्यांच्यासाठी मी भांडत होते ते मेजर, मलाच म्हणाले, "बाई, तुमी गप ऱ्हावा. पाठ माझा हुता. मीच केलं समदं." इतका राग मला मॅडमचाही आला नव्हता.

परीक्षक चहाला गेले. मॅडमचा सूर लगेच बदलला. मेजरांना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "हे बघा, वर्ष वाया जायला नको. मी परीक्षक सरांशी बोलते. तुम्ही एवढंच सांगा, की मुलगी तोंडातल्या तोंडात पुटपुटली, झाडं म्हणाली असं ऐकू आलं. तिला बोलावू, तीही हो म्हणेल. लहान आहे. संध्याकाळी पुन्हा पाठ घेतील."

जून डोळ्यांसमोर होता. गावातला वर्ग वाट बघत होता. मी मनात म्हटलं, आता हा माणूस "जी मॅडम" म्हणणार.

मेजर म्हणाले, "न्हाई मॅडम. समदं माझ्या नावावर घाला. पर पोरगी बरोबर व्हती."

"मग मला काही करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि साडीचा पदर सारखा करत चहाला गेल्या.

मेजर नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा पाठ द्या, असं सांगण्यात आलं. जूनमध्ये त्यांच्या गावातले तास संस्थेतल्याच कुणाच्या भाच्याला मिळाले. मेजर पुन्हा पाठ द्यायला आलेच नाहीत; आता मिरजेत एका हॉस्पिटलच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. ज्या दिवशी आमचा निकाल लागला, त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. मी घेतला नाही.

मेजरांच्या पाठानंतर त्याच शाळेत आमचे सरावपाठांचे काही दिवस बाकी होते आणि आठवीचा तो वर्ग माझ्याकडं आला. मेजर गावी निघून गेले होते. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. ना निकालाची चौकशी, ना मॅडमला शिवी. "बाई, ती पोरगी हात वर करती का?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. त्या दिवशी सकाळीच मी तिला एक साधा प्रश्न विचारला होता. ती उठली. तिला उत्तर येत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग हळूच मला विचारलं, "बाई, बरोबर सांगू का चुकीचं?"

मेजर म्हणाले, "तिला म्हणावं, त्या दिशी तूच बरोबर व्हतीस," आणि त्यांनी फोन ठेवला.