शुक्रवारची बेल

दारावरची बेल ते एकदाच वाजवत. मग दोन पावलं मागे सरत, टोपी काढून हातात घेत आणि दार उघडेपर्यंत तसेच उभे राहत. शुक्रवारी संध्याकाळी हे दृश्य आपल्या दारात दिसलं, की समजायचं, रविवारच्या मॅचमधून आपला पत्ता कट.

आम्ही त्यांना नुसतं कोच म्हणायचो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या क्रिकेट क्लबात बहुतेक सगळे पुण्यामुंबईचे आयटीवाले. कोच तेवढे इंग्लंडचे. तिकडच्या एका काउंटीसाठी त्यांनी अकरा उन्हाळे डावखुरी फिरकी टाकली होती. आता सत्तरी आली होती, दोन्ही गुडघे कुरकुरत होते, पण ज्याला वगळायचं त्याच्या घरी ते सायकल मारत स्वतः जायचे.

"व्हॉट्सॲपवर टाका की," मी एकदा म्हणालो.

"माणसाला तोंडावर सांगावं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, खेळपट्टीवरची मॅट गुंडाळताना. काउंटीने त्यांना कमी केलं ते पोस्टाने पत्र पाठवून. "पत्र बायकोने उघडलं. संध्याकाळभर ती माझ्याशी इतकी गोड वागली, की मला वाटलं कोणीतरी मेलंय." ते हसले. मला काही हसू आलं नाही.

आमच्यातला एक पठ्ठ्या शुक्रवारी घरातले दिवे मालवून बसायचा. एकदा कोच तसेच बाहेर पावसात उभे राहिले. शेवटी त्यालाच लाज वाटली आणि त्याने दार उघडलं.

माझ्याकडे ते चारदा आले. माझी बायको मुग्धा दारातूनच ओरडायची, "अरे, कोच आलेत! रविवारी तू भाजी आणायला मोकळा!" ते चहा घेत, माझी चूक दोन वाक्यांत सांगत आणि जाताना खांद्यावर हात ठेवत. तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

गेल्या मोसमाच्या शेवटी कमिटीने नवा, तरुण कोच आणायचं ठरवलं. मी सेक्रेटरी, तेव्हा हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सायकल काढायला हवी होती. पण त्या आठवड्यात ऑफिसने जीव नकोसा केला होता, समोरून वारा होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे बघून बोलायची माझी छातीच झाली नाही. ऑफिसातून घरी येताना बसमध्ये पाच ओळींचा मेल लिहिला आणि पाठवून टाकला. सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी बेल वाजली. एकदाच.

"मोसम तर संपला," मुग्धा म्हणाली. "आता कशाला आलेत?" तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

ते दोन पावलं मागे उभे होते. एका हातात टोपी, दुसऱ्यात क्लबच्या सामानाच्या खोलीच्या किल्ल्या.

"मेल मिळाला," ते म्हणाले. "आज दिवसभर वाटत होतं, तू येशील. मग म्हटलं दमला असशील. म्हणून मीच आलो."

ते आत आले. किल्ल्या बघून मुग्धाला सगळं कळलं. तिने चहा केला, आग्रहाने चकल्या वाढल्या आणि त्यांच्याशी इतकी गोड वागली, की त्यांनी माझ्याकडे बघून हळूच हसून घेतलं. त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरात ते इंग्लंडला मुलीकडे कायमचे राहायला गेले. माफीचा मेल मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. माफी तरी तोंडावर मागायला हवी.

विमानाने तासाभराचं अंतर आहे. तिकीट अजून काढलेलं नाही.