स्कॅनरवरचं स्वस्तिक

आमच्या पोळी-भाजीच्या गाळ्यावर जो स्कॅनर चिकटवलेला होता, तो माझ्या धाकट्या दिराच्या नावावर होता. पोळ्या मी लाटायचे, भाज्या मी फोडणीला टाकायचे, पुरण मी वाटायचे आणि पैसे जायचे दिराच्या खात्यात. आज हे सरळ लिहिते आहे, पण तेव्हा चार वर्षं मी ते बाहेर कोणाला सांगितलंसुद्धा नाही. लाज वाटायची.

सुरुवात साधीच झाली. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सासऱ्यांचा गाळा होता. ते गेल्यावर तिथे मी केंद्र काढलं. हळूहळू लोकांनी नोटा काढणं बंद केलं, जो तो मोबाइल पुढे करायला लागला. माझ्याकडे बटणांचा फोन. नवरा एसटीवर ड्रायव्हर, ठाण्याच्या खोपट डेपोतून लांबच्या गाडीवर गेला की दोन-दोन दिवस घरी नाही. तेव्हा दिराने आपल्या खात्याचा स्कॅनर आणून काउंटरवर लावला आणि म्हणाला, तात्पुरता आहे, वहिनी. आमच्या घरात तात्पुरत्या गोष्टी फार टिकतात.

सोबत एक छोटा स्पीकरही आला. गिऱ्हाईकाने पैसे भरले की तो बाईच्या आवाजात सांगायचा, साठ रुपये मिळाले. ऐकायचे मी, मिळायचे दिराला. वर प्रत्येक नवीन गिऱ्हाईक पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचून विचारायचं, हेच ना? पिठाचे हात घेऊन मी दिवसभर म्हणायचे, हो, हेच.

मग पिठाची गोणी आणायची झाली की दिराकडे मागायचं. तो देत नव्हता असं नाही. द्यायचा, पण आधी विचारायचा. तेल गेल्याच आठवड्यात आणलं ना? तूप इतकं कसं लागतं? आवाज न चढवता, हसत विचारायचा, त्यामुळे तर माझं डोकं आणखी फिरायचं. नवऱ्याकडे विषय काढला की तो म्हणायचा, भाऊच आहे, पळून जाणार आहे का. पळून जाणार नव्हता, मान्य. पण माझ्याच कष्टाच्या पैशासाठी मी हात पसरायचा, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

गेल्या वर्षी मी भिशीच्या पैशातून चांगला फोन घेतला. बचत गटातल्या एका बाईने माझं बँकेतलं खातं त्या फोनला जोडून दिलं, माझ्याकडून स्वतःला एक रुपया पाठवून घेतला आणि तो परत पाठवला. एवढं सगळं तयार होतं. पण गाळ्यावर दिराचा स्कॅनर काढून माझा लावायची हिंमत होईना. आज लावू, उद्या लावू, असे सहा महिने गेले. दिरापेक्षा मला माझाच राग यायचा.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. सणाच्या दिवशी सासूबाई गाळ्यावर येऊन बसतात. त्यांनी पोळपाट, लाटणं, तवा, शेगडी, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मी पाठमोरी पुरणपोळ्या भाजत होते. लक्ष्मी हल्ली इथूनच येते, असं पुटपुटत त्यांनी ओलं कुंकू घेऊन स्कॅनरच्या बरोबर मधोमध ठसठशीत स्वस्तिक काढलं. चारी खणांत चार ठिपके दिले. वर अक्षता चिकटवल्या.

दहा वाजता पहिली ऑर्डर न्यायला आलेल्या बाईंनी फोन धरला. एकदा जवळ धरला, एकदा लांब. फोनला काही कळेना. मागचा माणूस म्हणाला, माझ्याने होतंय का बघतो. त्याच्यानेही होईना. सणाचा दिवस, मागे पंधरा-वीस माणसं आणि खिशात कोणाच्याच नोटा नाहीत. कोणीतरी म्हणालं, ओल्या फडक्याने पुसा ना. मी फडकं उचललंसुद्धा.

सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आजच्या दिवशी पूजा पुसायची नसते. उद्या पुस."

त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात त्या पहिल्या बाईंनी सुचवलं, नंबर सांगा, नंबरवर पाठवते. दिराचा नंबर मला तोंडपाठ होता. तो सांगायला मी तोंड उघडलं आणि सांगितला माझा.

बाईंनी नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि माझं नाव वाचलं. माझं पूर्ण नाव त्या गाळ्यात याआधी कोणी घेतलं नव्हतं. "हे तुमचंच का?" त्यांनी विचारलं.

"हो, माझंच," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले, आणि शेगडीच्या धुराने आले नव्हते, हे मी कबूल करते.

मग प्रत्येकाला मी तोच नंबर सांगत सुटले. स्पीकर दिवसभर मुका. ॲप्रनच्या खिशात माझा फोन मात्र थरथरत होता. चार-पाच गिऱ्हाईकं झाल्यावर सासूबाईंनी मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, घसा कशाला कोरडा करतेस, लिहून ठेव. नंबर कोणाचा, हे त्यांना कळलं होतं का? मी विचारलं नाही. पण धाकट्या मुलाचा नंबर त्यांच्या देव्हाऱ्याजवळच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, आणि त्या रोज तो बघून फोन लावतात.

दीर घोडबंदर रोडला स्कूटरच्या शोरूममध्ये कामाला आहे. दसऱ्याला त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. संध्याकाळी आम्ही गाळा आवरत असताना तो आला. आईला आपट्याची पानं दिली, पाया पडला, मलाही दिली. मग विचारलं, आज माझा फोन एकदाही वाजला नाही, गिऱ्हाईक नव्हतं का? मी म्हटलं, भरपूर होतं, दुपारी अडीचलाच पुरण संपलं. त्याची नजर स्वस्तिकावर गेली, मग पुठ्ठ्यावरच्या नंबरावर. तो नंबर त्याने दोनदा वाचला.

ठीक आहे, म्हणाला, उद्या माझा नवीन स्टिकर आणून लावतो. मी म्हटलं, आणू नका. माझ्या नावाचा मी मागवला आहे. खरं तर अजून मागवला नव्हता. त्याच रात्री मागवला.

तो त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात मला समजवायला लागला. "वहिनी, पैसे शेवटी घरातच येतात ना? मग कोणाच्या खात्यात येतात, त्याने काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल भाऊजी, तर माझ्याच खात्यात येऊ द्या."

त्याने आईकडे बघितलं. सासूबाई घरासाठी बाजूला ठेवलेल्या पुरणपोळ्यांना तूप लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या दसऱ्यानंतर वर्षभरात त्याने मला दोन-चारदाच हाक मारली असेल. माझं काही अडलेलं नाही.